दार उघडे आहे

सोमवारची सकाळ सरकारी माणसाला कधीच फारशी प्रिय नसते. परंतु २०२४ सालच्या पावसाळ्यात कलकत्त्यास आमच्या वाट्याला ज्या सोमवारच्या सकाळी आल्या, तशा शत्रूच्याही वाट्याला न येवोत. (शहराचे नाव २००१ सालीच कोलकाता झाले हे आम्हांस ठाऊक आहे, कचेरीच्या टिपणांत आम्ही तसेच लिहितो. पण बृहन्महाराष्ट्रातल्या मराठी माणसाची जीभ एकदा कलकत्त्यावर बसली की सहसा उठत नाही.) नवाच्या ठोक्याला आम्ही डबा आणि कागदांची पिशवी घेऊन जिना उतरावा, खाली गाडी पुसून तयार असावी आणि ड्रायव्हरने दार उघडून धरावे, हा चार वर्षांचा परिपाठ. जुलैच्या पहिल्या सोमवारी गाडी पुसलेली होती, दारही उघडून धरलेले होते. फक्त ड्रायव्हर आमच्याकडे पाहत नव्हता. किल्ली फिरवली तेव्हा बॉनेटखालून 'कट् कट् कट्' असा आवाज आला आणि मग तोही थांबला. बॅटरी पार उतरली होती. शेजारच्या बिऱ्हाडाची गाडी आणून, तारा जोडून आमची गाडी सुरू केली तोवर साडेनऊ वाजून गेले, आणि बैठकीला आम्ही पोहोचलो ते सर्वांच्या माना एकदम दाराकडे वळतील अशा वेळी.

कोणतीही गोष्ट बिघडली की ती कशाने बिघडली हे विचारण्यापूर्वी ती कोणी बिघडवली हे विचारावयाचे, ही आमच्या नोकरीची शिकवण आहे. तीस वर्षांत ती अंगवळणी पडली आहे. येथे तर विचारण्यासारखेही फारसे नव्हते. शुक्रवारी संध्याकाळी सातला ड्रायव्हर गाडी लावून, किल्ली वर देऊन जातो. शनिवार-रविवार त्याला सुट्टी. आम्हांस गाडी चालवता येते, पण कलकत्त्याच्या रस्त्यांवर तो धीर होत नाही. सुट्टीच्या दिवशी आम्ही मेट्रोने फिरतो. तेव्हा शुक्रवार संध्याकाळनंतर गाडीला हात लावणारा कोणी नाही. त्यातून आवारातल्या पहारेकऱ्याने साक्ष दिली की शनिवारी रात्री गाडीच्या आतला दिवा जळताना त्याने पाहिला होता. प्रकरण संपले. ड्रायव्हर एवढेच म्हणाला, "साहब, बत्ती हम बंद करके गए थे." हे वाक्य निरनिराळ्या भाषांत आणि निरनिराळ्या हस्ताक्षरांत आम्ही इतक्या वेळा वाचले आहे की त्याचा आमच्यावर आता काही परिणाम होत नाही.

दुसऱ्या सोमवारी पुन्हा तेच. मध्यंतरी आम्ही नवी बॅटरी घेतली होती, म्हणजे बॅटरीवर ठपका ठेवण्याचीही सोय उरली नव्हती. तिसऱ्या सोमवारी, पंधरा जुलैला, भर पावसात छत्रीखाली उभे राहून आम्ही त्यास सांगितले की एक ऑगस्टपासून त्याने दुसरीकडे काम पाहावे. तो सिवान जिल्ह्यातला, पन्नाशीचा, अबोल गृहस्थ. सौभाग्यवतींना मध्यरात्री रुग्णालयात न्यावे लागले होते तेव्हा गुडघाभर पाण्यातून गाडी काढणारा हाच. तो "जी" म्हणाला, आणि खाली वाकून पायपुसणे झटकू लागला.

त्या आठवड्यात गाडी अधिकृत सेवाकेंद्रात दिली. तेथे एका हसतमुख तरुणाने डॅशबोर्डखालच्या सोळा टाचण्यांच्या खोबणीत आपले यंत्र अडकवले. ही खोबण म्हणजे गाडीची नाडी पाहण्याची जागा. अमेरिकेत १९९६ च्या मोटारींपासून ती सक्तीची झाली आणि पुढे जगभर पसरली. यंत्राच्या काचेवर सात कोड उमटले. या कोडांची भाषा आम्हांस नंतर कळली, ती येथेच सांगून टाकतो: पहिले अक्षर पी असेल तर दोष इंजिन व गिअरांच्या बाजूचा, सी असेल तर चाके, ब्रेक, स्टिअरिंग यांचा, बी असेल तर गाडीच्या अंगाचा, आणि यू असेल तर गाडीतल्या उपकरणांच्या आपसातल्या बोलण्याचा. आमच्या सातांत बी आणि यू यांचीच गर्दी होती. तरुणाने निदान केले, "बी.सी.एम. गेला. बदलावा लागेल." अंदाजपत्रक पाच आकडी होते, शिवाय नवा भाग येण्यास दोन आठवडे, आणि आल्यावर त्यास गाडीचा क्रमांक व किल्ल्या शिकवण्याची मजुरी वेगळी. आम्ही सही करणार होतो. हात थांबला तो शहाणपणाने नव्हे, सवयीने. इतक्या रकमेवर दुसरे कोटेशन घेतल्यावाचून सही करणे आम्हांस शरीरधर्मानेच जमत नाही.

बी.सी.एम. म्हणजे बॉडी कंट्रोल मॉड्यूल. डॅशबोर्डच्या आत, बहुधा पायाशी कोठेतरी दडवलेली ही एक डबी असते. आकार साधारण आपल्या जेवणाच्या डब्याच्या एका खणाएवढा. तिचे माहात्म्य कळण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. आमच्यातल्या वडीलधाऱ्या अधिकाऱ्यांनी ज्या पांढऱ्या ॲम्बॅसिडरमधून दौरे केले ती गाडी येथून जवळच, हुगळी जिल्ह्यातल्या उत्तरपाड्यास तयार होत असे. १९५८ पासून ती निघू लागली आणि २०१४ च्या मे महिन्यात तिचे उत्पादन थांबले. त्या गाडीत दिवा लावणे ही सरळ गोष्ट होती. बॅटरीतून तार निघे, फ्यूजमधून बटणात येई, बटणातून दिव्यात जाई. बटण दाबले की वीज त्या बोटाखालूनच वाहे. दिवा लागला नाही तर तारेच्या मागे मागे जावे आणि जेथे ती तुटली असेल तेथे थांबावे. त्यासाठी एक टेस्ट लॅम्प आणि थोडा निवांतपणा पुरे.

आताच्या गाडीत बटण दाबणे म्हणजे अर्ज करणे होय. वायपरची दांडी, दिव्यांची खिट्टी, दारांचे स्विच, काचांची बटणे ही सारी फक्त खबर देतात. खबर त्या डबीकडे जाते. डबी ती तपासते, इतर खबरांशी ताडून पाहते आणि मग हुकूम काढते: दिवा लावा, काच थांबवा, दारे कुलूपबंद करा. मोठी वीज रिलेमधून किंवा तिच्या पोटातल्या इलेक्ट्रॉनिक स्विचांतून जाते. गाडीतल्या इतर डब्यांशी तिचे बोलणे चालते ते एकमेकींना पीळ दिलेल्या दोन तारांवरून. ही पद्धत जर्मनीच्या बॉश कंपनीने बसवली आणि १९८६ साली डेट्रॉइटच्या अभियंत्यांच्या परिषदेत जगापुढे मांडली. सचिवालय आणि त्याचा तारायंत्र-विभाग असा हा कारभार आहे. आणि सचिवालयाचे जे होते तेच या डबीचे होते: गावात काहीही बिघडले तरी बोट तिच्याकडेच जाते, कारण प्रत्येक कागदावर शेवटची सही तिची असते.

एका बंगाली सहकाऱ्याने दुसऱ्या कोटेशनसाठी ज्या मिस्त्रीचे नाव सुचवले त्याचे दुकान मल्लिकबाजारच्या एका गल्लीत आहे. जुन्या मोटारींचे सुटे भाग मिळण्याचे हे कलकत्त्यातले प्रसिद्ध ठिकाण. आमच्या मनात होते की मिस्त्री तेथलीच एखादी वापरलेली डबी स्वस्तात बसवून देईल. आम्ही तसे बोलूनही दाखवले. तो हसला. वापरलेली डबी, तो म्हणाला, दुसऱ्या गाडीचा क्रमांक आणि दुसऱ्या गाडीच्या किल्ल्या डोक्यात घेऊन येते. त्या पुसून नव्या लिहिल्याखेरीज ती आपल्या गाडीला ओळखणारच नाही, आणि काही डब्यांच्या बाबतीत ते पुसणे शक्यच होत नाही. बदलीवर आलेल्या काही अधिकाऱ्यांची आम्हांस आठवण झाली, पण ती आम्ही बोलून दाखवली नाही. "आधी ती बिघडली आहे का ते पाहू," मिस्त्री पुढे म्हणाला. पोरगा तिशीच्या आतला, पॉलिटेक्निकची पदविका घेतलेला. त्याच्याजवळ सेवाकेंद्रात होते तसेच स्कॅनरयंत्र होते, त्याखेरीज एक साधा मल्टीमीटर आणि एक टेस्ट लॅम्पही होता. यंत्राइतकाच त्याचा टेस्ट लॅम्पवरही विश्वास आहे हे पाहून आम्हांस बरे वाटले.

तो शनिवारी सकाळी आमच्या आवारात आला. सुट्टी असूनही ड्रायव्हर आला होता. आम्ही बोलावले नव्हते. तो भिंतीशी उभा राहिला.

मिस्त्रीने प्रथम बॅटरी मोजली. बंद गाडीत साडेबारा व्होल्टांच्या किंचित वर आणि इंजिन चालू असता चौदाच्या आसपास. हे ठीक होते. आदल्या दिवशी त्याने ती पूर्ण भरून घेण्यास सांगितलेच होते. मग त्याने सेवाकेंद्राने दिलेल्या सात कोडांचा कागद मागून घेतला, ते स्वतः वाचून पडताळले, आपल्या वहीत लिहून ठेवले, आणि पुसून टाकले. इंजिन चालू-बंद करून पुन्हा वाचले. एकही परत आला नाही. "बॅटरी बसली की सगळे मॉड्यूल अर्धवट शुद्धीत येतात आणि एकमेकांच्या नावाने तक्रारी लिहून ठेवतात," तो हिंदीत म्हणाला. "त्या तक्रारी खऱ्या धरायच्या नाहीत." मग बॅटरीची तार सोडून त्याने त्या पीळ दिलेल्या दोन तारांमधला रोध मोजला. साठ ओहम. या वाटेच्या दोन टोकांना एकशे वीस ओहमचा एकेक रोधक बसवलेला असतो. दोन्ही जागेवर असतील तर मोजमाप साठ येते, एक निखळला असेल तर एकशे वीस. तेव्हा तारायंत्र-विभागही निर्दोष ठरला.

डबीला जमिनीशी, म्हणजे गाडीच्या लोखंडी अंगाशी, जोडणारी जी तार असते ती त्याने फार काळजीने तपासली. येथे त्याने सांगितलेली एक गोष्ट आमच्या लक्षात राहिली आहे. अशा तारेचे वीस धागे असावेत आणि त्यांतले एकोणीस गंजून तुटावेत, तरी ओहम मोजणारा मीटर उरलेल्या एका धाग्यावरून 'सर्व ठीक' असेच सांगतो; कारण मोजण्यासाठी तो जी वीज सोडतो ती नाममात्र असते. तार खरी कळते ती तिच्यावर भार टाकल्यावर. म्हणून दिवे, पंखा, मागच्या काचेचा हीटर असे सारे चालू करून त्या तारेच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट गळतात ते पाहावयाचे. दहा शतांश व्होल्टाहून कमी असेल तर तार चांगली. आमची होती. आतापर्यंत तासभर झाला होता आणि गाडीत काहीही दोष सापडला नव्हता. आम्ही ड्रायव्हरकडे एकदा पाहिले, हे लपवण्यात अर्थ नाही.

मग मिस्त्रीने वाहती वीज मोजण्यासाठी मीटर बॅटरीच्या ऋण टोकाशी मधोमध जोडला. डाव्या पुढच्या दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने मिटवून गाडीला दार लागल्याचा समज करून दिला, कारण त्यास आत हात घालण्याची वाट हवी होती. किल्ली वर घरात नेऊन ठेवण्यास सांगितले. "आता गाडी झोपेपर्यंत थांबायचे. कुणी हात लावू नका."

गाडी बंद केली म्हणजे तिच्यातल्या डब्या लगेच झोपत नाहीत. एकेक करीत त्या मिटतात. त्यास वीस मिनिटे लागतात, कधी चाळीस. मध्येच एखादे दार हलले की साऱ्या खडबडून उठतात आणि मोजणी पहिल्यापासून. आम्ही तिघे आवाराच्या कट्ट्यावर बसलो. पाऊस दोन दिवसांपासून थांबला होता. मीटरचा आकडा आधी तीन अँपिअरच्या वर होता, मग एकावर आला, मग बराच वेळ तेथेच राहिला. चार वर्षांत ड्रायव्हरच्या शेजारी, म्हणजे त्याच्या मागे नव्हे, बसण्याचा हा आमचा पहिलाच प्रसंग असावा. काहीतरी बोलावे म्हणून आम्ही विचारले, दुसरीकडे काही पाहिले का. तो म्हणाला, भवानीपूरला एका घरी बोलणे झाले आहे. एक तारखेपासून या म्हणतात. आम्ही "अच्छा" म्हणालो. सव्वीस मिनिटांनी मीटर खाली आला आणि स्थिरावला: अठ्ठावीस मिलिअँपिअर. पन्नासपर्यंत चालते.

आम्ही मनाशी हिशेब केला. शुक्रवारी सात ते सोमवारी नऊ, तास बासष्ट. अठ्ठावीस मिलिअँपिअरने बासष्ट तासांत दोन अँपिअर-तासही खर्च होत नाहीत, आणि आमची बॅटरी पंचेचाळीसची. म्हणजे गाडी निर्दोष. म्हणजे...

मिस्त्रीने पहारेकऱ्याला हाक मारली आणि विचारले, दिवा जळताना पाहिला तो कसा जळत होता? पहारेकरी म्हणाला, "कभी जलता था, कभी बुझ जाता था." आणि आमच्याकडे वळून त्याने पुस्ती जोडली, "साहब को बताया था." खरेच सांगितले होते. पहिल्याच सोमवारी सांगितले होते. त्याच्या जबानीचा पूर्वार्ध आम्ही मनात नोंदवून घेतला आणि उत्तरार्ध गैरलागू म्हणून सोडून दिला होता. माणसाने चुकून चालू ठेवलेला दिवा आपण होऊन विझत नाही आणि पुन्हा लागतही नाही, एवढे समजण्यास विद्युत्शास्त्र लागत नाही.

"आणि ज्या आठवड्यांत पाऊस नव्हता?" मिस्त्रीने विचारले. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी रोज बिनतक्रार सुरू होत होती. त्याने बागेतली पाण्याची झारी मागितली. ड्रायव्हरने ती भरून आणली आणि मिस्त्री दाखवील तेथे, पुढच्या काचेच्या पायथ्याशी, वायपरांच्या खालच्या काळ्या जाळीवर, हळूहळू ओतू लागला. दुसरी झारी. तिसरी. चौथ्या झारीच्या मध्यास मीटर अठ्ठावीसवरून एकदम उडाला. गाडीच्या आतला दिवा लागला. चारही दारे बंद होती. एक कडीने, तीन खरोखरच. किल्ली वर घरात होती. ड्रायव्हर झारी हातात धरून बाहेर उभा होता. तो काही बोलला नाही; दिव्याकडेही त्याने पाहिले नाही.

पुढले सारे अर्ध्या तासात उलगडले. मिस्त्रीने स्कॅनर लावून डबीला काय दिसते आहे ते वाचले. काचेवर अक्षरे आली: पुढचे डावे दार, उघडे. दार बंद असता डबी त्यास उघडे म्हणत होती. आम्ही म्हणालो, म्हणजे डबीच खोटे बोलते आहे. मिस्त्री म्हणाला, "ती खोटे बोलते आहे, की तिला कुणी खोटे सांगते आहे?" दाराचा स्विच ही फार साधी वस्तू आहे. डबी एका तारेवर थोडासा दाब देऊन ठेवते. दार उघडले की स्विच ती तार जमिनीला टेकवतो आणि दाब शून्यावर येतो. दाब गेला म्हणजे दार उघडले, एवढेच डबीला कळते. मिस्त्रीने दारातला स्विच तारेपासून सोडवला. डबी म्हणाली, उघडे. म्हणजे स्विच सुटला. मग त्याने डाव्या पायाशी असलेली पट्टी काढून डबीच्या कनेक्टरमधून त्या तारेची पिन तेवढी अलगद बाहेर ओढली. डबी तत्क्षणी म्हणाली, बंद. पिन पुन्हा बसवली: उघडे. पुन्हा काढली: बंद. "मॉड्युलेर कोनो दोष नेई, सार," तो प्रथमच बंगालीत बोलला.

कनेक्टर उपटल्यावर त्यातून पाण्याचे दोन थेंब पडले. पिनेच्या मुळाशी तांब्याच्या भांड्याला चढते तसली हिरवी पुटे होती. त्या ओलाव्यातून दाराच्या तारेतली वीज शेजारच्या जमिनीच्या पिनेकडे झिरपत होती. जेथे बारा व्होल्ट असावयास हवे तेथे मीटर तीन-साडेतीन दाखवीत होता, कधी पाच, कधी दोन. डबीला दिसे की दार उघडले, लागले, उघडले. उघडे राहिलेल्या दाराचा दिवा काही मिनिटांनी आपोआप मालवण्याची अक्कल तिला दिलेली आहे. पण प्रत्येक वेळी दार नव्याने उघडल्याची खबर आली की ती बिचारी मोजणी पहिल्यापासून सुरू करी. सारी रात्र ती त्या न उघडलेल्या दाराशी दिवा धरून उभी. मीटरवर आकडा सहा दशांश अँपिअरच्या आगेमागे हलत होता. सहा दशांश गुणिले बासष्ट, म्हणजे सदतीस. पंचेचाळीसातून सदतीस गेल्यावर किल्ली फिरवून काय होणार?

रबरी पायपुसण्याखालचा गालिचा उचलला तर त्याखालचा नमदा पिळून काढता येईल इतका भिजलेला. गाडीला कुबट वास येतो असे सौभाग्यवती महिनाभर म्हणत होत्या, आणि कलकत्त्यात कपाटांनासुद्धा तो येतो असे आम्ही उत्तर देत होतो. पाणी कोठून येते ते पाहण्यासाठी मिस्त्रीने बॉनेट उघडून वायपरांखालची जाळी काढली. काचेवरून ओघळणारे पाणी या जाळीतून एका पन्हळीत पडते आणि पन्हळीच्या टोकाच्या छिद्रातून खाली जमिनीवर जाते. ते छिद्र बुजले होते. पन्हळीत पाणी साचून, चढून, गाडीच्या आत जाणाऱ्या तारांच्या जुडग्याबरोबर आत उतरत होते आणि त्या तारांच्याच अंगावरून ओघळत थेट डबीच्या कनेक्टरात जात होते. मिस्त्रीने छिद्रातून बोटाने तो बोळा काढून आमच्या हातावर ठेवला. काळपट, कुजका, पानांचा आणि बारीक फुलांचा लगदा. फुले कुजली होती तरी ओळखू येत होती. बकुळीची होती.

आमच्या आवारात गाड्या लावण्यासाठी पत्र्याचे छप्पर आहे. तेथे आमची जागा आहे. पण कोपऱ्यात एक जुनी बकुळ आहे, आणि राजापूरकडच्या आमच्या घरामागे अशीच एक होती. इकडे बदली होऊन आलो त्याच वर्षी आम्ही ड्रायव्हरला सांगितले की गाडी त्या झाडाखाली लावत जा. सकाळी काचेवर पडलेली फुले दिसली की कचेरीस जाणे सुसह्य होई. त्यांतली चार आम्ही खिशातही टाकत असू. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात ड्रायव्हर एकदा म्हणाला होता, "साहब, गाड़ी उधर छप्पर में लगा दें? फूल-पत्ता जाली में घुसता है." आम्ही त्यास सांगितले होते की जाळी साफ ठेवणे हे त्याचे काम आहे. तो ती ठेवीत होता. वरून ठेवीत होता. खालची पन्हळ क्लिपा काढून जाळी उचलल्याशिवाय दिसत नाही, आणि जाळी उचलण्यास आम्ही त्यास कधी सांगितले नव्हते, सेवाकेंद्राने कधी उचलली नव्हती.

दुरुस्ती अशी काही नव्हतीच. मिस्त्रीने कनेक्टर औषधाने धुतला, गंजलेली पिन बदलली, तारांच्या जुडग्याला डबीच्या अलीकडे खाली एक वळसा दिला. पुढे कधी पाणी आलेच तर ते त्या वळशाच्या तळाशी गळून पडेल, वर चढून डबीत जाणार नाही. किती साधी युक्ती! नमदा दोन दिवस उन्हात वाळवला. सारा खर्च दीड हजाराच्या आत झाला. मूळची डबी अजून त्याच जागी आहे आणि आपले काम चोख करते आहे.

राहिले ड्रायव्हरचे. मिस्त्री गेल्यावर आम्ही त्यास कट्ट्यावरच गाठले. माफी मागण्याचा सराव आम्हांस नाही. वरिष्ठांची मागावी लागते तेव्हा तिचा एक ठरीव मसुदा असतो, तो येथे चालण्यासारखा नव्हता. आम्ही हिंदीत जे बोललो ते व्याकरणदृष्ट्या फारच वाईट होते. त्याने ऐकून घेतले. म्हणाला, "कोई बात नहीं साहब, आपको कैसे मालूम होता." आम्ही म्हणालो की भवानीपूरला नाही म्हणून सांगा, पगारातही पाहू. त्यावर तो थोडा वेळ आपल्या चपलांकडे पाहत राहिला आणि म्हणाला की त्या घरी म्हातारे गृहस्थ आहेत, त्यांचा आधीचा माणूस सुटला आहे, त्यांना जबान दिली आहे. पगार तेथे दोनशे रुपयांनी कमीच होता, हे आम्हांस मागाहून पहारेकऱ्याकडून कळले.

एकतीस जुलैला संध्याकाळी तो नेहमीप्रमाणे सातला किल्ली द्यायला वर आला. हिशेब झाला. सौभाग्यवतींनी त्याच्या नातीसाठी काही दिले. मग तो म्हणाला, जरा खाली या. छपराखाली गाडी उभी होती. त्याने बॉनेट उघडून आम्हांस जाळी कशी काढावयाची ते दाखवले: पाच क्लिपा आहेत, उजवीकडून सुरुवात करावयाची, डावीकडची दुसरी आधीच अर्धी तुटली आहे, तिला पेचाने नव्हे तर नखाने उचलायचे. पन्हळीसाठी रंगाचा एक जुना ब्रश त्याने कोठूनसा आणून ठेवला होता. तो ब्रश त्याने आमच्या हाती दिला आणि आमच्याकडून एकदा जाळी काढवून, परत बसवून घेतली. दुसरी क्लिप आम्ही तोडलीच.

नवा ड्रायव्हर हुगळीकडचा, तरुण, बडबड्या आहे. इतकी छान सावली सोडून आपण त्या तापल्या पत्र्याखाली गाडी का लावतो, असे त्याने पहिल्याच दिवशी विचारले. आम्ही सांगितले, "पानी घुसता है." त्याने बकुळीकडे पाहिले, आभाळाकडे पाहिले, आणि गाडी पत्र्याखाली लावली.